सर शेषाद्री अय्यर आणि कोलारची सुवर्णभूमी

आम्हां सुवर्णकारांचा सोन्याशी संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा; परंतु मुशीत येण्यापूर्वी ते कोणाच्या श्रमाने भूगर्भातून वर आले, याचा विचार आम्ही क्वचितच करतो. म्हणून यंदा म्हैसूरचे दिवाण सर शेषाद्री अय्यर यांचे पुण्यस्मरण करणे आम्ही उचित समजतो.

१८४५ साली मलबारात पालघाटनजीक त्यांचा जन्म झाला. मद्रासेस पदवी संपादून १८६८ साली ते म्हैसूर संस्थानच्या सेवेत शिरले व १८८३ साली दिवाणपदी आरूढ झाले. कोलारच्या माळरानावर तेव्हा जॉन टेलर कंपनीचे खाणकाम चालू झाले होते; मात्र यंत्रांचे इंधन फार महाग पडे. कावेरीच्या शिवसमुद्रम्‌ धबधब्यावर वीज निर्माण करून ती सुमारे ९२ मैल दूर खाणींस पुरविण्याचे धाडस दिवाणांनी अंगावर घेतले. सप्टेंबर १९०१ मध्ये ते निवर्तले. वीज कोलारास पोचली ती जून १९०२ मध्ये. आपल्या कार्याचे फळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्या विजेच्या बळावर तमिळ मुलखातून आलेले सहस्रावधी श्रमिक पुढे ३ किलोमीटरहून अधिक खोल उतरले. २००१ साली खाणी बंद पडल्या. एकाच धातूवर विसंबलेल्या त्या गावात श्रमिकांची कुटुंबे उरली, उपजीविका गेली.

आमच्या ज्ञातीनेही हे ध्यानी धरावे. वडिलोपार्जित धंद्याचा अभिमान असावाच. परंतु मुलांस विद्येची जोडही द्यावी, हीच आमची ज्ञातिबांधवांस नम्र विनंती.