तंजावरचे विद्याव्रती : सरफोजीराजे भोसले (दुसरे)

समुद्राला मिळण्यापूर्वी कावेरी अनेक फाट्यांनी पसरते आणि त्या फाट्यांमधील भूमी भातशेतीने हिरवीगार होऊन जाते. या सुपीक प्रदेशाची पिढ्यान्‌पिढ्यांची बाजारपेठ म्हणजे तंजावर. भाताची खरेदी-विक्री, रेशमी वस्त्रांचे माग, पंचधातूच्या मूर्ती ओतणारे कारागीर, फणसाच्या लाकडातून वीणा घडविणारी घराणी, आणि या साऱ्या गजबजाटावर छाया धरून उभे असलेले, राजराज चोळाने इ. स. १०१० मध्ये पूर्ण केलेले बृहदीश्वराचे मंदिर, असे या नगराचे रूप आहे. येथे देवालय आणि व्यापार कधीच वेगळे नव्हते. देवाच्या नित्यपूजेला तांदूळ, तेल, फुले आणि वस्त्रे लागत. उत्सवाला यात्रेकरू येत. आणि त्यांच्यामागोमाग बाजार भरे.

चोळांमागून नायक राजे आले आणि नायकांमागून, इ. स. १६७५ च्या सुमारास, छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी येथे भोसल्यांची गादी स्थापन केली. कावेरीकाठच्या या तमिळ नगरात पुढे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ मराठी दरबार नांदला. या घराण्यात विद्येचा लौकिक ज्यांनी शिखरास नेला, ते दुसरे सरफोजीराजे. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविणाऱ्या आणि त्या शाळांत शिकणाऱ्या आपणा सर्वांना त्यांचे चरित्र विशेष जवळचे वाटावे असे आहे.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्या एका शाखेत झाला. तंजावरचे तुळजाजीराजे यांना वारस उरला नव्हता. त्यांनी इ. स. १७८७ मध्ये या बालकास दत्तक घेतले आणि तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनमधून या प्रांतात आलेले जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांना त्याच्यावर लक्ष ठेवण्याची विनंती केली. त्याच वर्षी तुळजाजी निवर्तले. त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तविधानाच्या वैधतेवर आक्षेप घेतला, काही पंडितांनी त्यास दुजोरा दिला, आणि ईस्ट इंडिया कंपनीने अमरसिंहांनाच गादीवर बसविले.

दहा वर्षांच्या दत्तकपुत्राच्या वाट्याला राजवाड्यातील बंदिवासासारखे जीवन आले. त्याच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष होऊ लागले. श्वार्ट्झ यांनी कंपनीकडे तक्रारी केल्या आणि अखेर इ. स. १७९३ मध्ये, तुळजाजींच्या राण्यांसह, सरफोजींना मद्रासेस हलविण्यात आले. राज्य हातचे गेलेल्या या मुलाला तेथे मिळाली ती विद्या. इंग्रजीवर त्यांनी उत्तम प्रभुत्व मिळविले आणि पाश्चात्त्य शास्त्रांची गोडी त्यांना याच काळात लागली. दरम्यान दत्तकाचा प्रश्न पुन्हा पंडितांपुढे गेला, पहिला निर्णय फिरला, आणि जून १७९८ मध्ये सरफोजी सिंहासनावर आले. श्वार्ट्झ त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारले होते; शिष्याचा राज्याभिषेक पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. सरफोजींनी पुढे प्रसिद्ध इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करवून ते तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. स्वतः राजे मात्र अखेरपर्यंत आपल्या कुलधर्माशी निष्ठावान शैव राहिले. गुरूचे ऋण मानण्यासाठी गुरूचा धर्म घ्यावा लागत नाही, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

गादीवर बसून सव्वा वर्ष होते न होते तोच २५ ऑक्टोबर १७९९ चा तह त्यांच्यापुढे आला. या तहाने राज्याचा कारभार, महसूल आणि न्याय कंपनीच्या हाती गेला. राजांकडे राहिला तो किल्ला व त्याचा लगतचा परिसर, वर्षाला एक लक्ष होन आणि प्रांताच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. त्या वेळी ते अवघे बावीस वर्षांचे होते. ज्या कंपनीने गादी दिली तिनेच राज्य घेतले, आणि राजांना ते मुकाट्याने द्यावे लागले. या गोष्टीबद्दल त्यांना दोष देणारेही आहेत. कंपनीशी त्यांनी पुढे सख्यच राखले. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ समुद्रकिनारी ‘मनोरा’ नावाची बहुमजली वास्तू उभारणारे राजे तेच. चरित्रकाराने हा भाग झाकण्याचे कारण नाही. पण सत्ता गेल्यावर हाती उरलेल्या द्रव्याचे आणि आयुष्याचे काय करावे, हा जो प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला, त्याचे त्यांनी दिलेले उत्तर असामान्य आहे.

त्या उत्तराचा आरंभ छत्रांपासून झाला. तंजावर प्रांतातून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटांवर भोसले राजांनी आणि राण्यांनी अन्नछत्रे बांधली होती. उत्तरेकडून सेतुयात्रेला निघालेला थकलाभागला यात्रेकरू येथे विसावे. त्याला जेवण मिळे. आजारी पडल्यास औषधोपचार होत. अनाथ मुलांचा सांभाळ होई आणि त्यांच्या अध्यापनाचीही व्यवस्था असे. राज्याबरोबर ही छत्रेही कंपनीच्या हिशेबात जातील, अशी चिन्हे दिसू लागली. तेव्हा सरफोजींनी इ. स. १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटास पत्र लिहून छत्रांचे कार्य तपशीलवार मांडले आणि त्यांची उत्पन्ने अबाधित ठेवण्याचा आग्रह धरला. महसूल सोडणारा हा राजा अन्नछत्रे सोडावयास मात्र तयार नव्हता.

त्यानंतर त्यांनी स्वतःचे छत्र उभारले. तंजावरच्या दक्षिणेस, पट्टुकोट्टैच्या वाटेवर ओरत्तनाडू नावाचे गाव आहे. तेथे इ. स. १८०२ मध्ये ‘मुक्ताम्बाळ छत्र’ बांधण्यात आले. मुक्ताम्बाळ ही राजांची प्रिय सहचरी. ती अकाली निवर्तली. आपल्या नावे एक छत्र व्हावे, अशी इच्छा तिने अखेरच्या क्षणी व्यक्त केली होती, असे परंपरा सांगते. प्रियजनाच्या स्मृतीसाठी नुसती समाधी न बांधता राजांनी तेथे यात्रेकरूंसाठी भोजनशाळा उघडली आणि मुलांसाठी पाठशाळाही. या पाठशाळेत तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत, फारसी आणि इंग्रजी अशा भाषांच्या अध्ययनाची सोय होती. शिक्षण विनामूल्य होते. गावाला तिच्या नावाने मुक्ताम्बाळपुरम असेही म्हणू लागले.

येथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. दरबाराची भाषा मराठी होती. दप्तर मोडीत लिहिले जाई. राजाने मनात आणले असते तर पाठशाळेत एकट्या मराठीचीच प्रतिष्ठा राखता आली असती. सरफोजींनी तसे केले नाही. ज्या भूमीचे अन्न खाल्ले तिची तमिळ, नायकांच्या काळापासून रुळलेली तेलुगू, शास्त्रांची संस्कृत, कारभाराची फारसी आणि नव्या विद्येची इंग्रजी या सर्वांच्या पंक्तीला त्यांनी आपली मराठी बसविली. परभाषिक मुलुखात आपली भाषा टिकवावयाची तर तिला कुंपणात कोंडून चालत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

पाठशाळा उघडली की पुस्तके हवीत. हाताने नकलून घेतलेल्या पोथ्या मुलांना किती पुरणार? म्हणून राजांनी तंजावरात छापखाना सुरू केला आणि त्यास ‘नवविद्याकलानिधी’ हे साजेसे नाव दिले. दप्तर मोडीत चालत असता येथे छपाई मात्र बाळबोध लिपीत झाली. इसापनीतीचे मराठी रूपांतर असलेले ‘बालबोधमुक्तावली’ हे पुस्तक येथूनच इ. स. १८०६ मध्ये बाहेर पडले. देवनागरीत छापलेल्या अगदी आरंभीच्या मराठी पुस्तकांत त्याची गणना होते. मराठी मुद्रणाच्या इतिहासातील हे मानाचे पान मुंबई-पुण्यात नव्हे, तर कावेरीच्या काठी लिहिले गेले.

राजे स्वतःही लेखणी चालवीत. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्यांचे मराठी नाटक या दृष्टीने फार मनोरंजक आहे. कुरवंजी हा मूळचा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात भविष्य सांगणारी डोंगरकन्या येते आणि प्रेमविव्हल नायिकेला धीर देते. सरफोजींनी हा साचा उचलला आणि त्या भविष्यवादिनीच्या मुखातून जगाचा भूगोल वदविला. साचा तमिळ, भाषा मराठी आणि विषय पाश्चात्त्य भूगोल असा हा त्रिवेणी संगम आहे. मुलांना रुक्ष वाटणारा विषय गाण्या-नाचण्यातून शिकवावा, ही दृष्टी दोनशे वर्षांपूर्वीची आहे.

त्यांच्या कीर्तीचा मुख्य आधार मात्र सरस्वती महाल ग्रंथालय. नायकांच्या काळापासून चालत आलेल्या या ग्रंथसंग्रहाला सरफोजींनी जे वैभव दिले, त्यामुळे आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. युरोपातून हजारो ग्रंथ मागवून त्यांनी वैद्यक, वनस्पतिशास्त्र, शिल्प, संगीत अशा नानाविध विषयांची दालने समृद्ध केली. अनेक पुस्तकांवर त्यांची इंग्रजी सही व तारीख आजही पाहावयास मिळते. इ. स. १८२० च्या सुमारास ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले. यात्रेकरू पुण्य जोडून परततो; सरफोजींनी त्याबरोबर हस्तलिखितेही जोडली. मूळ पोथी मिळाली तर विकत घ्यावी, न मिळाली तर पंडितांकडून नक्कल करून घ्यावी, असा त्यांचा प्रघात होता.

त्यांची जिज्ञासा ग्रंथांपुरती मर्यादित नव्हती. ‘धन्वंतरी महाल’ या संस्थेत देशी वैद्यकाच्या औषधांचा शोध आणि रुग्णांवर उपचार चालत. नेत्ररोग्यांच्या तेथील नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, अद्याप उपलब्ध आहेत. आयुर्वेद, तमिळ सिद्धवैद्यक आणि युरोपीय शस्त्रक्रिया यांना त्यांनी एका छपराखाली आणले. त्यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्ये वाजत, आणि पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम व वडिवेलू हे चार बंधूही तेथेच होते. आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला त्यांनीच घडण दिली.

मंदिरांविषयी त्यांची वृत्ती वारसदाराची नव्हे, विश्वस्ताची होती. बृहदीश्वराच्या प्राकारात त्यांनी जीर्णोद्धार केला, गणेशाचे देऊळ सजविले आणि इ. स. १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत तेथील भिंतींवर कोरविला. भारतातील अतिदीर्घ शिलालेखांत तो मोडतो. ज्या भिंतींवर चोळ सम्राटाची दाने तमिळमध्ये कोरलेली आहेत, त्याच मंदिरात मराठी अक्षरेही कायमची वसली. राज्य जाऊन चार वर्षे झाली होती. आपला इतिहास आता दगडावरच सुरक्षित राहील, असे त्या वेळी राजांना वाटले असल्यास नवल नाही.

इ. स. १८२६ मध्ये बिशप हीबर तंजावरास आले, तेव्हा युरोपीय शास्त्रज्ञांच्या ग्रंथांवर अधिकाराने बोलणारा आणि त्याच वेळी अश्वपरीक्षेत व शिकारीतही निपुण असलेला हा राजा पाहून ते विस्मित झाले. ७ मार्च १८३२ रोजी सरफोजी कालवश झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे इ. स. १८५५ मध्ये पुत्रसंतानाविना वारले आणि कंपनीने उरलीसुरली गादीही खालसा केली.

सिंहासन गेले, पण सरस्वती महाल राहिला. इ. स. १९१८ मध्ये तो सर्व जनतेसाठी खुला झाला आणि आज जगभरचे अभ्यासक त्याच्या दारी येतात. बृहदीश्वरासह अठ्ठ्याऐंशी मंदिरांच्या विश्वस्तपणाचा मान आजही भोसले घराण्याकडे आहे. तंजावरच्या अनेक घरांत, तमिळ वळणाची का होईना, मराठी अजून बोलली जाते. तहाने जे घेतले त्यातले काही परत आले नाही. विद्येसाठी जे वेचले ते मात्र दोन शतके पुरून उरले.

साठ वर्षे परमुलखात मराठी शाळा चालविणे म्हणजे काय, हे ही स्मरणिका हाती घेणाऱ्यांना सांगावयास नको. दरवर्षी पटावरील संख्या मोजताना मनात येणारी चिंता सर्वांच्या परिचयाची आहे. अशा वेळी सरफोजीराजांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. त्यांच्यापाशी फौज नव्हती, महसुलाचा अधिकार नव्हता आणि स्वभाषकांची बहुसंख्याही नव्हती. होते ते एक छत्र, एक छापखाना, एक ग्रंथालय आणि शेजाऱ्याच्या भाषेविषयी मनापासूनचा आदर. तेवढ्या भांडवलावर त्यांनी जे जोपासले ते अद्याप उभे आहे. आपल्या शाळेचे भांडवलही याहून फारसे वेगळे नाही.