राजे रघुजी भोसले (दुसरे) : तान्हा पोळ्याचे जनक

हल्ली तुमच्यापैकी बऱ्याच जणांना छोट्या मोटारी जमवायचा नाद असतो. खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या किंवा चोविसाव्या भागाएवढी ती गाडी. कोणी तिचा रंग बदलतो, कोणी चाकं बदलतो, कोणी पट्टे ओढतो. हा छंद परदेशातून आला असं आपल्याला वाटतं. पण खऱ्या वस्तूची लहान, चाकांवर चालणारी प्रतिकृती करायची आणि ती आपल्या हौसेने सजवायची, ही गोष्ट आपल्या नागपूरला दोनशे वर्षांपेक्षा जुनी आहे बरं का! ती म्हणजे तान्हा पोळ्याचा लाकडी नंदी. आणि ही प्रथा ज्यांच्या नावाने सांगितली जाते ते नागपूरचे राजे म्हणजे रघुजी भोसले दुसरे. आज त्यांच्याविषयी माहिती घेऊ.

बालपण आणि गादी

नागपूरच्या भोसले घराण्याचे पहिले मोठे राजे म्हणजे पहिले रघुजी. त्यांचे हे नातू. वडिलांचं नाव मुधोजी. पहिल्या रघुजींनंतर गादीवर बसलेले जानोजी निपुत्रिक होते, म्हणून त्यांनी आपल्या या पुतण्याला दत्तक घेतलं. १७७२ साली जानोजी वारले आणि घरातच भांडण पेटलं. मुधोजी आणि त्यांचे भाऊ साबाजी एकमेकांसमोर उभे राहिले. १७७५ साली नागपूरजवळ पाचगावला लढाई झाली आणि साबाजी मारले गेले. रघुजी तेव्हा लहान होते. काका वडिलांच्या विरुद्ध लढताना मरण पावले, ही गोष्ट त्यांच्या बालपणातच घडली. पुढे मुलाच्या नावाने मुधोजींनी कारभार पाहिला. १७८८ साली मुधोजी गेले आणि सगळी सूत्रं रघुजींच्या हाती आली.

वैभवाचे दिवस

सुरुवातीची पंधरा वर्षं चांगली गेली. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत मराठे निजामाविरुद्ध एकत्र आले, त्यात रघुजींची फौजही होती. त्यानंतर नर्मदेच्या खोऱ्यातला बराच मुलूख राज्याला जोडला गेला. पूर्वेला कटकपर्यंत, म्हणजे समुद्रापर्यंत, भोसल्यांची सत्ता होती. नागपूरचा महाल भाग गजबजलेला होता.

१८०३ : सगळं बदललं

१८०३ साली इंग्रजांशी युद्ध झालं. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला आडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड. तीन महिन्यांत तीन पराभव! १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेकडच्या वऱ्हाडावरचा हक्क गेला. राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा हातचा गेला आणि दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट येऊन बसला.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. थोरांचं चरित्र लिहिताना आपण फक्त चांगलंच लिहितो, ते बरोबर नाही. मुलूख गेला तरी खर्च कमी झाला नाही. मग ती तूट कोणाकडून भरून काढली? उरलेल्या गावांकडून. शेतसारा वाढला, नवे कर बसले. सैन्याचे पगार थकले, तेव्हा शिपाई शेतकऱ्यालाच लुटू लागले. त्यात पेंढाऱ्यांच्या धाडी सुरू झाल्या. १८११ साली तर त्यांनी नागपूरचं एक उपनगर जाळलं. ज्याच्या घरी बैलजोडी होती, त्याचे हे फार वाईट दिवस होते.

लाकडाचा बैल

याच राजाच्या नावाशी तान्हा पोळा जोडलेला आहे. पोळ्याला मोठी माणसं खरे बैल सजवतात. लहान मुलांना त्या शिंगांच्या गर्दीत कोण जाऊ देणार? परंपरा अशी सांगते, की मुलांनाही बैलाचं मोल कळावं म्हणून रघुजींनी त्यांच्यासाठी लाकडी बैल करवले, तोरण बांधलं, मुलांना गोळा करून पोळा भरवला आणि खाऊ दिला. तान्हा म्हणजे लहान. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, हा लहानग्यांचा पोळा भरतो. भोसल्यांच्या वाड्यात आजही मोठ्या लाकडी नंदीची पूजा होते.

हा नंदी नीट पाहा. खाली एक फळी, फळीला चार चाकं, वर बैल. तळहाताएवढ्या नंदीपासून मुलापेक्षा उंच नंदीपर्यंत सगळी मापं मिळतात. पण माप कोणतंही असो, प्रमाण सांभाळावं लागतं. समजा खरा बैल पाच फूट, म्हणजे साठ इंच उंच आहे. त्याचा दहावा भाग केला तर नंदी सहा इंचांचा होईल. मग शिंगं, वशिंड, पाय, शेपूट हे सगळंही दहावा भागच हवं. वशिंड लहान राहिलं की तो बैल न वाटता वासरू वाटतो. गणितातलं गुणोत्तर सुताराच्या हातात असं असतं!

आणि मग सजावट. बाजारातून आणलेला नंदी घरी आला की तो आपला होतो. कोणी शिंगं रंगवतो, कोणी बेगड लावतो. आई जुन्या साडीच्या काठाची झूल शिवून देते. बाशिंग, घुंगरमाळ, वेसण, ओढायला दोरी. गेल्या वर्षीचं चाक निखळलं असेल तर ते ठोकून घ्यायचं. मग नंदी ओढत घरोघर जायचं आणि बोजारा मिळवायचा. गल्लोगल्ली सजावटीच्या स्पर्धा होतात त्या वेगळ्याच.

शेवट

२२ मार्च १८१६ रोजी रघुजी वारले. पुढच्याच वर्षी त्यांचा मुलगा परसोजी याचा खून झाला आणि नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई होऊन नागपूरकर हरले. १८५३ साली तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं.

आपण काय शिकायचं?

कटक गेलं, वऱ्हाड गेलं, शेवटी राज्यही गेलं. राहिला तो चार चाकांचा लाकडी बैल. पण त्याला ओढताना दोन्ही गोष्टी आठवायला हव्यात. या राजाने मुलांना बैलाचं मोल शिकवलं असं परंपरा सांगते. त्याच्याच काळात त्या बैलाच्या धन्यावर कराचं ओझं वाढलं, हे इतिहास सांगतो. दोन्ही खरं असू शकतं. बैलाची पूजा करणं सोपं, त्याच्या धन्याला न्याय देणं कठीण. हे तेव्हाही होतं आणि आजही आहे.

उपक्रम : या वर्षी तुमच्या नंदीची उंची, शिंगांची लांबी आणि वशिंडाची उंची पट्टीने मोजा. गावातल्या खऱ्या बैलाची मापं त्याच्या मालकाला विचारून घ्या. दोन्हींचं गुणोत्तर काढा. आणि मालकाशी बोलायला गेलातच, तर या वर्षी पीक कसं आहे, तेही विचारून या.