बाबासाहेबांचा मधुमेह आणि इन्सुलिनवर घटणारे वजन

मधुमेह असलेल्या माणसाचे वजन उतरू लागले की घरच्यांना आनंद होतो. पथ्य लागू पडले, असे सगळे म्हणतात. पण इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाच्या, विशेषतः टाइप १ मधुमेह असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा आनंद जरा थांबून तपासायला हवा. त्याचे वजन दोन रस्त्यांनी उतरते. पहिल्या रस्त्यात रुग्ण बेताने खातो, हालचाल वाढवतो आणि साठलेली चरबी हळूहळू कमी होते. दुसऱ्या रस्त्यात इन्सुलिन कमी पडते, खाल्लेले अंगी लागत नाही आणि शरीर स्वतःचीच चरबी आणि स्नायू जाळू लागते. वजनकाट्यावरचा आकडा दोन्ही वेळा खालीच येतो.

हा फरक समजण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आयुष्याकडे एका वेगळ्या बाजूने पाहू. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांना मधुमेह होता आणि ते इन्सुलिन घेत होते. त्यांना हा आजार पन्नाशी उलटल्यावर जडला, म्हणजे आजच्या भाषेत तो बहुधा टाइप २ असावा. टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही आणि तो बहुतेक वेळा लहान किंवा तरुण वयात सुरू होतो. आजाराचे प्रकार वेगळे असले, तरी इन्सुलिन, जेवण आणि वजन यांचा मेळ दोन्हीकडे घालावाच लागतो.

अर्धपोटी शिक्षण

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्यात शाळा, मग मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल, १९०७ मध्ये मॅट्रिक आणि १९१२ मध्ये बी. ए. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. लंडनमधील शिक्षण १९१७ मध्ये अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

या दुसऱ्या मुक्कामात पैशांची फार ओढाताण होती. सकाळी जुजबी न्याहारी, दिवसभर ग्रंथालय आणि रात्री भूक लागली की भाजलेले पापड, असे त्यांचे खाणे होते. वाचन मात्र रात्री उशिरापर्यंत चाले. १९२१ मध्ये एम. एस्सी., त्यानंतर बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. अशा पदव्या त्यांनी मिळवल्या. जेवण आणि झोप कामापुढे दुय्यम मानण्याची सवय मात्र पुढेही कायम राहिली.

त्याच वर्षांत टोरांटोमध्ये

बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते, त्याच काळात कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्रयोग सुरू केले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. तेव्हा त्याचे वजन ३० किलोच्याही आत होते.

त्याआधी अशा मुलांवर एकच इलाज होता: त्यांना जवळजवळ उपाशी ठेवणे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ हिला डॉ. फ्रेडरिक अॅलन यांनी असेच अत्यल्प आहारावर ठेवले होते. १९२२ च्या ऑगस्टमध्ये बँटिंग यांच्याकडे नेले तेव्हा ती पंधरा वर्षांची होणार होती आणि तिचे वजन जेमतेम २० किलो होते. इन्सुलिन सुरू होताच ती पोटभर जेवू लागली आणि तिचे वजन भराभर वाढले. पुढे तिने संसार केला आणि १९८१ पर्यंत ती जगली.

टाइप १ मध्ये इन्सुलिन सुरू झाल्यावर वजन वाढते, त्याचे कारण या इतिहासात आहे. आजाराने ओरबाडून नेलेले शरीर पुन्हा भरून येत असते. त्याला औषधाचा दुष्परिणाम समजून घाबरू नये.

अमरावतीहून दिल्लीपर्यंत

परत आल्यावर बाबासाहेबांच्या आयुष्याला विश्रांती कधी मिळालीच नाही. मार्च १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वऱ्हाडातील अस्पृश्य परिषदेचे अध्यक्ष म्हणून ते अमरावतीला आले. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा, हा तेव्हा पेटलेला प्रश्न होता आणि डॉ. पंजाबराव देशमुखही त्यात प्रवेशाच्या बाजूने उभे होते. परिषद सुरू असतानाच थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी बाबासाहेबांपर्यंत पोहोचली.

पुढे गोलमेज परिषदा आल्या. १९३५ मध्ये पत्नी रमाबाई गेल्या. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. ऑगस्ट १९४७ मध्ये ते स्वतंत्र भारताचे कायदामंत्री आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. बैठे काम, रात्रीची जागरणे आणि वेळी-अवेळी जेवण अशी ही वर्षे गेली.

इन्सुलिन घरात आले

मसुद्याचे काम सुरू असतानाच त्यांची प्रकृती ढासळली. झोप लागेना, पायांत वेदना होऊ लागल्या. मधुमेहात साखर बराच काळ जास्त राहिली तर पायांच्या नसांना इजा होते. मुंग्या, जळजळ आणि रात्री वाढणारे दुखणे ही त्याची ओळख असते. ते मुंबईला डॉ. मालवणकर यांच्याकडे उपचार घेत. तिथे काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. त्या पुढे सविता आंबेडकर म्हणून ओळखल्या गेल्या. वेळेवर आणि पथ्याचे जेवण मिळावे, औषधपाण्याकडे जाणत्या व्यक्तीचे लक्ष असावे, असा वैद्यकीय सल्ला त्यांना मिळाला होता.

त्या काळी घरी इन्सुलिन घेणे सोपे नव्हते. काचेची सिरिंज आणि सुई उकळावी लागे. इन्सुलिन गाय आणि डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवलेले असे. बोटातल्या थेंबावर साखर दाखवणारे यंत्र नव्हते. निळ्या द्रावणात लघवी तापवून रंग पाहायचा: हिरवा, पिवळा की विटकरी, यावर अंदाज बांधायचा. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते. त्यामुळे ती त्याखाली नेमकी किती आहे, किंवा धोकादायक इतकी कमी झाली आहे का, हे या तपासणीतून कळत नसे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी तर तेव्हा नव्हतीच.

शेवटची वर्षे

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्यघटना स्वीकारली गेली. १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, पण काम कमी झाले नाही. १९५४ मध्ये जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते अंथरुणाला खिळून होते आणि दृष्टीही मंदावली होती. १९५५ मध्ये तब्येत आणखी खालावली. चाळीसच्या दशकातली त्यांची छायाचित्रे आणि १९५६ मधली छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर भरदार शरीर किती उतरले होते ते डोळ्यांना दिसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या समुदायासमोर त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्यांना चालताना आधार लागत होता. नोव्हेंबरमध्ये ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. बुद्धांवरील ग्रंथाचे काम हातावेगळे केल्यावर काही दिवसांतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीतील घरी झोपेतच त्यांचे निधन झाले.

त्यांचे वजन केवळ मधुमेहाने उतरले, असे एका ओळीत सांगणे योग्य ठरणार नाही. इतर दुखणीही होती. पण वजन, पाय, दृष्टी आणि ताकद ही सगळी एकदमच खाली येत असतील, तर ते वजन घटणे चांगले नसते. आजच्या रुग्णाच्या बाबतीत हे चित्र दिसले तर त्याच आठवड्यात तपासणी करता येते. बाबासाहेबांना ती सोय नव्हती, तुम्हाला आहे.

टाइप १ असताना वजन कमी करायचे असेल तर

टाइप १ असलेल्या अनेकांचे वजन जास्त असते आणि ते कमी करणे त्यांच्या फायद्याचेही असते. फक्त रस्ता योग्य हवा.

इन्सुलिन बंद करून किंवा चोरून कमी घेऊन वजन उतरवू नका. लग्न ठरलेल्या आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींमध्ये हा मोह दिसतो. वजन खरेच उतरते, पण रक्तात कीटोन नावाची आम्ले साचतात आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकते. डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांची हानी होते ती वेगळीच. मुलगा किंवा मुलगी असे करते आहे असे कळले तर रागावू नका. डॉक्टरांकडे नेऊन मोकळेपणी बोलू द्या.

आधी तेल कमी करा. वऱ्हाडी जेवणात झणझणीत रस्सा आणि त्यावरची तर्री हवीच असते. पण एक चमचा तेलात सुमारे ४५ कॅलरी असतात. पातोडीच्या रश्श्यातले तेल निम्मे केले तर कॅलरी घटतात आणि इन्सुलिनच्या गरजेत फारसा फरक पडत नाही.

भाकरी मोजा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. घरी एका भाकरीला किती पीठ लागते ते एकदा वजन करून पाहा. भाकरी, भात किंवा रोडगे कमी केले तर इन्सुलिनचा डोसही कमी करावा लागतो, नाहीतर साखर एकदम खाली जाते. किती युनिट कमी करायचे हे आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. असे वारंवार होत असेल तर प्रत्येक वेळी खावे लागते आणि वजन वाढते. अशा वेळी डोस बदलून घेणे हाच वजन घटवण्याचा पहिला उपाय असतो.

व्यायामाआधी साखर तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी थोडे खा. २५० च्या वर असेल आणि लघवीत कीटोन असतील तर त्या वेळी व्यायाम टाळा.

नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास किंवा भाकरी-भात पूर्ण बंद करणारा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नका. जेवण कमी झाले तरी दिवसभर काम करणारे मूळ इन्सुलिन लागतेच. दुसऱ्या रुग्णाच्या वजन घटवण्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊ नका. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या काही गोळ्यांनी टाइप १ मध्ये कीटोनचा धोका वाढतो.

आठवड्याला साधारण अर्धा किलो इतकी घट पुरेशी आहे.

प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर

आधी इन्सुलिन तपासा. अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात बाहेर राहिलेले इन्सुलिन निकामी होऊ शकते. फ्रीज नसेल तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा बेताने ठेवा. सिरिंजही पाहा. ४० ताकदीच्या बाटलीला ४० चीच सिरिंज लागते. चुकून १०० ची वापरली तर निम्म्याहून कमी इन्सुलिन शरीरात जाते. इंजेक्शन रोज एकाच जागी घेऊन तिथे गाठ आली असेल तर जागा बदला.

हे सगळे ठीक असूनही वजन उतरत असेल तर एचबीए१सी, थायरॉइड, गव्हाची अॅलर्जी म्हणून ओळखला जाणारा सीलिअॅक आजार आणि क्षयरोग यांच्या तपासण्या करून घ्या.

वजन उतरण्याबरोबर खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, पोटदुखी, धाप किंवा श्वासाला फळासारखा वास असेल तर सकाळची वाट पाहू नका. इन्सुलिन बंद करू नका आणि तातडीने रुग्णालयात जा.

घरात वजनकाट्याशेजारी एक वही ठेवा. वजनासोबत त्या दिवसाची साखर आणि घेतलेले युनिट लिहा. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांना दाखवा. वजन कोणत्या रस्त्याने उतरते आहे, ते त्यातून दोघांनाही दिसेल.