मेंदूच्या लहरी टिपणारे हान्स बर्गर

इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही मुलाने वेळेवर डबा खाल्ला नाही, तर त्याला घाम सुटतो, सोपी उत्तरे चुकतात, बोलणे अडखळते. साखर पोटात गेली की थोड्याच वेळात तो पूर्ववत् होतो. साखरेचा आणि बुद्धीचा हा संबंध ज्यांच्या शोधामुळे कागदावर दिसू लागला, त्या हान्स बर्गर यांची ओळख आम्ही सुलतान बाजारातील आमच्या विद्यार्थिमित्रांना करून देत आहोत.

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीत कोबुर्गजवळ झाला. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, कवी फ्रीडरिख र्‍युकर्ट. आपले नलदमयंती आख्यान त्यांनीच जर्मन भाषेत नेले होते! तरुण बर्गर सैन्यात असताना घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली चिरडता चिरडता वाचले. त्याच सायंकाळी वडिलांची कुशल विचारणारी तार आली. दूर घरी असलेल्या बहिणीला भावावर संकट आल्याचे जाणवले होते. तो योगायोगच असावा, असे आम्हांस वाटते. बर्गर यांना मात्र मनाच्या शक्तीचा ध्यास लागला आणि ते वैद्यकाकडे वळले.

येना येथे ते मनोरोगांचे प्राध्यापक झाले. दिवसाचे काम आटोपल्यावर ते प्रयोगशाळेत एकटेच बसत. शोधावयाची वीज किती अल्प! एका व्होल्टचे लक्ष भाग केले, तर त्यांतील चार-पाच भागांएवढी. १९२४ साली कवटीचे हाड काढलेल्या एका तरुणाच्या डोक्यावरून त्यांना ती प्रथम टिपता आली. पण हा यंत्राचा दोष तर नव्हे? या शंकेने त्यांनी पाच वर्षे मौन पाळले, स्वतःच्या मुलावरही प्रयोग केले आणि १९२९ साली निबंध प्रसिद्ध केला. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी पडताळा घेतला, तेव्हा कोठे जगाचा विश्वास बसला.

डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे दहा लहरी उठतात. त्या काळी मनोरुग्णांना इन्शुलिन देऊन मुद्दाम ग्लानीत नेत. तो उपचार पुढे मागे पडला. १९३७ च्या सुमारास बर्गर व इतर संशोधकांनी अशा रुग्णांच्या लहरी टिपल्या. साखर उतरली की लहरी मंदावतात, मोठ्या होतात. गाढ ग्लानीत सेकंदाला चारांहूनही कमी उरतात. वजनाने शरीराचा पन्नासावा हिस्सा असलेला मेंदू सुमारे पंचमांश ऊर्जा खातो, आणि साठा जवळजवळ ठेवीत नाही. साखर मिळताच लहरींचा वेग बहुधा पुन्हा वाढतो; उपासमार फार लांबली, तर मात्र कायमची इजा होते.

बर्गर यांच्या चरित्रात काळी बाजूही आहे. हिटलरच्या राजवटीत रुग्णांची सक्तीने नसबंदी ठरविणाऱ्या न्यायालयाच्या कामात त्यांनी भाग घेतला. १९३८ साली ते निवृत्त झाले. १९४० साली लिहिलेल्या पुस्तिकेत त्यांनी बहिणीच्या त्या तारेची हकीकत सांगितली. मनाचा जो संदेश ते शोधीत होते, तो त्यांच्या लहरींत सापडला नव्हता. पुढच्याच वर्षी, १ जून १९४१ रोजी, खिन्नतेच्या आजारात त्यांचा अंत झाला.