गिरणगावात आलेल्या लूसीबाई

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे संपादिकाबाईंनी सांगितले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा अहिल्याबाई किंवा रमाबाई असाव्यात. मी सुचविलेले नाव ऐकून त्यांनी ह्या कोण, असे विचारले. त्यात त्यांचा दोष नाही. अठ्ठावीस वर्षे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करूनही मला स्वतःला हे नाव निवृत्तीनंतरच नीट कळले. १० मे २०१९ रोजी माझ्या पुतणीने आपल्या फोनवर गूगलचे त्या दिवसाचे चित्र दाखविले. त्यात सूक्ष्मदर्शकापाशी बसलेली एक बाई होती. त्या दिवशी त्या बाईंच्या जन्माला १३१ वर्षे झाली होती. त्या डॉ. लूसी विल्स. आपल्या मुंबईच्या परळ भागात येऊन त्यांनी जो शोध लावला, त्यावर आज गर्भारपणात मिळणाऱ्या गोळ्यांपैकी एक गोळी उभी आहे.

पुतणीनेच ते चित्र दाखवावे हा योगायोग मला फार लागला. त्याचे कारण आधी सांगते.

१९७४ साली माझी धाकटी जाऊ पहिल्यांदा गरोदर होती. आम्ही तेव्हा पंचवटीत एकत्र कुटुंबात राहत होतो. पाचव्या महिन्यापासून ती पांढरी पडत चालली. जिना चढताना तिला धाप लागे, अन्नावर वासना नव्हती, जीभ लाल आणि गुळगुळीत झालेली, तिखटाचा घास तोंडात घेववत नसे. घरात सर्वांनी हे डोहाळ्यांच्या खाती टाकले. कणीक मळता मळता ती भिंतीला टेकून बसे, तेव्हा थोरली जाऊ ह्या नात्याने मी तिला दोन शब्द सुनावले होते, हे मी लपवीत नाही. जवळच्या एका दवाखान्यात नेले, तेथे रक्त न तपासता लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या तिने इमानाने घेतल्या आणि ती आणखीच खंगत गेली. आठव्या महिन्यात मूल गेले. तिला दुसरीकडे हलविले, तेथील एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून स्वतः पाहिला आणि गोळी बदलली. त्या नव्या पिवळ्या गोळीची किंमत काही पैसे होती. आठ दिवसांत जाऊने आपण होऊन वरणभात मागितला.

तो काचपट्टीवरचा थेंब काय सांगतो हे कळावे म्हणून पुढे मी प्रयोगशाळेचे शिक्षण घेतले. घरातून थोडा विरोध झाला. असो.

आता मूळ चरित्राकडे वळते. लूसीबाईंचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ सटन कोल्डफील्ड येथे झाला. वडिलांच्या घराण्याचा धंदा विळे, कोयते अशा धारेच्या अवजारांचा होता; आईचे वडील बर्मिंगहॅममधील नावाजलेले डॉक्टर. मुलींनी शिकावे असे मानणारे ते घर. त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या आणि १९११ साली परीक्षा उतरल्या. पण तेव्हा केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेस बसू देई, पदवी मात्र देत नसे. ती १९४८ साली देऊ लागले. त्याच १९११ मध्ये वडील वारले, आणि दोन वर्षांनी थोरली बहीण अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेली.

पुढे त्या आईबरोबर सिंहलद्वीपास, मग भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेस गेल्या. १९१४ चे महायुद्ध सुरू झाले तेव्हा केपटाऊनच्या एका इस्पितळात काही काळ त्यांनी शुश्रूषेचे काम केले, आणि परत येताच १९१५ च्या जानेवारीत लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. वाचकभगिनींना हे विद्यालय परके नाही. आपल्या डॉ. रखमाबाई १८८९ साली विलायतेस जाऊन ह्याच विद्यालयात शिकल्या होत्या. लूसीबाई १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर झाल्या. परंतु दवाखाना थाटून पैसा मिळविण्याकडे त्यांचा ओढा नव्हता. रॉयल फ्री इस्पितळात गर्भवती स्त्रियांच्या शरीरात काय बदल होतात ह्याच्या संशोधनात आणि शिकविण्यात त्या रमल्या. लग्न केले नाही. सायकलवरून कामावर जाणे आणि सुटीत डोंगर चढणे ही त्यांची आवड.

१९२८ साली मुंबईहून डॉ. मार्गारेट बाल्फर ह्यांचे बोलावणे आले. बाल्फरबाई हिंदुस्थानातील बाळंतिणींच्या मृत्यूंची चौकशी करीत होत्या. ह्या मृत्यूंमागे गर्भारपणातील एक भयंकर रक्तक्षय असल्याचे त्यांना दिसत होते, पण त्याचे मूळ सापडत नव्हते. लूसीबाई वयाच्या चाळिसाव्या वर्षी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये कामाला लागल्या. ही संस्था म्हणजे राज्यपालांचे जुने निवासस्थान. प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिनसाहेबांचे नाव तिला १९२५ साली मिळाले. भोवताली गिरण्यांची धुराडी आणि चाळी. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला.

येथे थोडे शास्त्र सांगितल्यावाचून पुढचे समजणार नाही. आपण सरसकट अंगात रक्त कमी आहे असे म्हणतो. पण रक्त कमी होण्याचे प्रकार अनेक आहेत, आणि ते काचपट्टीवर वेगवेगळे दिसतात. निरोगी तांबडी पेशी शेजारच्या लहान पांढऱ्या पेशीच्या केंद्राएवढी असते. आम्ही तीच मापाला धरीत असू. लोह कमी पडले तर तांबड्या पेशी लहान होतात आणि मध्ये फिकट, पोकळ दिसतात. पण गर्भारपणातल्या त्या घातक रोगात उलट होते. पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने मोठ्या, लंबगोल; पांढऱ्या पेशींचे केंद्रही पाच-सहा पाकळ्यांचे झालेले. ह्याचा अर्थ हाडांच्या मगजात पेशी तयार होताना त्यांना विभागण्यासाठी लागणारे काहीतरी कमी पडते. लोहाचा साठा कितीही असो, त्याचा येथे उपयोग नाही. माझ्या जावेच्या रक्तात हेच होते.

हे काहीतरी म्हणजे काय, हे १९२८ साली कोणालाच ठाऊक नव्हते. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत मायनट आणि मर्फी ह्या डॉक्टरांनी असाच दिसणारा दुसरा एक रक्तक्षय भरपूर कलेजी खाऊ घालून आटोक्यात आणला होता. लूसीबाईंनी आधी जंतूंचा संसर्ग आहे काय हे तपासले. तसे काही निघेना. मग त्या ह्या बायका खातात काय ह्याकडे वळल्या. मला त्यांचा सर्वांत मोठेपणा येथे वाटतो. निरनिराळ्या जातिधर्मांच्या आणि परिस्थितीच्या स्त्रिया काय रांधतात, कशा राहतात ह्याची त्यांनी पाहणी केली. गरीब घरांत, विशेषतः गरीब मुसलमान वस्तीत, हा रोग अधिक होता. तेथील ताटात दूध, फळे आणि हिरवा पाला अगदीच कमी.

मग प्रयोग सुरू झाले. त्या बायकांसारखेच अन्न पांढऱ्या उंदरांना दिले, तर गरोदर उंदरांना रक्तक्षय झाला. अन्नात यीस्ट मिसळले तर झाला नाही. कोडे सुटले असे वाटते न वाटते तोच कळले की, त्या उंदरांना उवांवाटे पसरणारा एक संसर्ग आधीच जडला होता, त्यामुळे निष्कर्षावर भरवसा ठेवता येईना. प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणासही ह्या घटकेची निराशा कळेल. लूसीबाईंनी ते उघडपणे मांडले आणि माकडांवर नव्याने प्रयोग सुरू केले. रोगट झालेल्या माकडाला मार्माइट दिले आणि ते सुधारले.

मार्माइट म्हणजे इंग्रज लोक पावावर लावून खातात तो यीस्टचा अर्क. दिसायला काकवीसारखा काळसर, चवीला मात्र खारट. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून १९०२ सालापासून तो बनतो, म्हणून स्वस्त. कलेजीचा अर्क महाग, आणि आपल्याकडील कितीतरी बायका कलेजीला शिवणार नाहीत. लूसीबाईंनी हा अर्क मुंबईच्या रुग्ण स्त्रियांना दिला आणि त्यांच्या रक्तातील नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी ठेवली. थोड्याच दिवसांत त्या पेशी वर येऊ लागल्या, भूक परतली, तोंडावर रंग आला. २० जून १९३१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. मधल्या काळात कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत आणि मद्रासच्या एका स्त्रियांच्या इस्पितळातही त्यांनी हेच काम केले होते.

पुढे त्यांच्या ध्यानात आले की, कलेजीचा कच्चा अर्क ह्या बायकांना गुण देतो, पण अगदी शुद्ध केलेला अर्क गुण देत नाही. अमेरिकेतील त्या दुसऱ्या रोगाला मात्र तो शुद्ध अर्कच लागू पडतो. म्हणजे वस्तू एक नसून दोन होत्या. यीस्टमधल्या ह्या अज्ञात वस्तूला जगात विल्सचा घटक म्हणू लागले. १९४१ साली अमेरिकेत टेक्ससमध्ये चार टन पालकातून तो वेगळा केला गेला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून नाव पडले फोलिक आम्ल. तो कृत्रिम रीतीने बनविण्याचे काम १९४५ साली अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत झाले, आणि तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचा सख्खा भाऊ स्प्रू ह्या रोगाने गेला होता, आणि त्याही रोगात हेच आम्ल शरीराला मिळेनासे होते. दुसरी वस्तू पुढे बारावे ब जीवनसत्त्व म्हणून ओळखली गेली.

ही दोन वेगळी आहेत हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण दोहोंच्या अभावी पेशी सारख्याच मोठ्या दिसतात. ब-१२ कमी असताना नुसते फोलिक आम्ल घेतले तर रक्त सुधारते पण मज्जातंतू आतून बिघडत राहतात. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. आपल्यातील शाकाहारी भगिनींत ब-१२ ची उणीव पुष्कळ असते. म्हणून शेजारणीच्या डब्यातली गोळी घेऊ नये, आधी रक्त तपासावे. तसेच आपल्या जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. त्यात पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. तो आईबापांकडून येतो, लोहाच्या गोळीने बरा होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला चारात एक धोका, ह्यासाठी लग्नाआधी दोघांचीही तपासणी हवी. विळे बनविणाऱ्या घराण्यातील लूसीबाईंच्या वाट्याला हा रोग आला नाही, हा माझा आपला एक विचार.

लूसीबाई १९३७ च्या सुमारास पुन्हा काही आठवडे हाफकिनमध्ये येऊन गेल्या, ह्या वेळी पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, टप्पे घेत घेत. दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनला रॉयल फ्रीतच होत्या. १९४४ च्या जुलैत इस्पितळावर बॉम्ब पडला आणि त्यांच्या विभागाचे काम काही दिवस विस्कळीत झाले. तेथील पहिला रक्तरोग विभाग त्यांनीच उभारला. १९४७ साली निवृत्त झाल्यावरही जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असे देश हिंडून त्यांनी पोषण आणि रक्तक्षय ह्यांचा अभ्यास चालू ठेवला, आणि शेवटची दहा वर्षे चेल्सीच्या नगरपालिकेत मजूर पक्षाच्या सभासद होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या वारल्या. १९९१ साली एका मोठ्या चाचणीतून सिद्ध झाले की, गर्भ राहण्यापूर्वीपासून फोलिक आम्ल घेतल्यास बाळाच्या पाठीच्या कण्याचे जन्मजात दोष पुष्कळ टळतात. ते पाहायला त्या नव्हत्या.

आता सरकारी दवाखान्यात गर्भवतीला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. ती चौथ्या महिन्यापासून रोज १८० दिवस घ्यायची. त्याआधीचे तीन महिने, आणि शक्यतो गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून, नुसत्या फोलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी असते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर गर्भारपणात तो रक्तक्षयच समजतात. घरच्या ताटात पालक, मेथी, हरभरा, मूग, भुईमूग असावेत. भाजी फार उकळू नये आणि उकडलेले पाणी मोरीत ओतू नये, कारण हे आम्ल पाण्यात उतरते व उष्णतेने नाहीसे होते. पालेभाजी उकडून, पिळून, मग फोडणीला टाकायची आमच्या सासूबाईंची रीत होती. पिळलेले ते हिरवे पाणी मीच रोज अंगणातल्या तुळशीपाशी नेऊन टाकीत असे.

जावेला नंतर १९७७ साली मुलगी झाली. मला लूसीबाईंचे चित्र दाखविणारी पुतणी ती हीच. त्या चित्राखालचा मजकूर तिने मला वाचून दाखविला तेव्हा जाऊ शेजारीच मेथी निवडीत बसली होती. मी तिला म्हटले, तुझी गोळी ह्या बाईंनी शोधली. तिने चष्मा लावून चित्र नीट पाहिले, आणि ह्या बाई मुंबईला कुठे राहत होत्या असे विचारले.