डॉ. सलीम अली आणि आपले माळरान

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कुर्डुवाडीहून आगगाडीने पुण्याकडे कधी गेला आहात का? वाटेत केम नावाचे स्टेशन लागते. केम हे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील गाव. येथील कुंकू प्रसिद्ध आहे. या तालुक्यात पाऊस कमी पडतो, म्हणून येथे गवताळ माळराने आहेत. अशा माळांवर काळविटांचे कळप चरतात. काळवीट म्हणजे एक प्रकारचे हरीण. उर्दूत आपण त्याला काला हिरन म्हणतो. ही हरणे जगावीत म्हणून माळ कसा राखावा? हा प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर एका थोर माणसाची गोष्ट ऐका.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आई वारली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना मायेने वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली. एके दिवशी लहान सलीमने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणती? मामांनाही सांगता येईना. त्यांनी सलीमला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड साहेबांनी ती चिमणी ओळखली. त्यांनी मुलाला पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी दाखवले. शिकारी मुलगा त्या दिवसापासून पक्ष्यांचा विद्यार्थी झाला.

पुढची वाट सोपी नव्हती. १९२९ मध्ये ते शिकण्यासाठी जर्मनीला गेले. परत आले तेव्हा हाताला नोकरी नव्हती. म्हणून ते अलिबागजवळ किहीम या गावी राहिले आणि १९३० मध्ये तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. पत्नी तहमिना यांनी त्यांना मोलाची साथ दिली. १९३९ मध्ये त्या वारल्या. तरीही सलीम अली खचले नाहीत. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक निघाले. ते घराघरांत पोहोचले.

आता राजस्थानातील भरतपूरची हकीकत पाहा. तेथील पाणथळ रान महाराजांनी बदकांच्या शिकारीसाठी राखले होते. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी तेथे एकाच दिवसात चार हजारांहून जास्त पक्षी मारले गेले. योगायोग असा, की तो सलीम अलींचा वाढदिवस होता! स्वातंत्र्यानंतर ते रान मोडून शेती करावी, अशी मागणी झाली. सलीम अलींनी पंडित नेहरूंकडे शब्द टाकला आणि रान वाचले.

पण रान वाचवणे वेगळे आणि रान सांभाळणे वेगळे. म्हशी चरल्यामुळे पक्ष्यांचे नुकसान होते, असे अनेक तज्ज्ञांना वाटे. सलीम अलींचेही मत तसेच होते. १९८२ मध्ये तेथे चराई बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला. गोळीबार झाला आणि माणसे मेली. मग काय झाले? म्हशी नाहीत, म्हणून पाण्यातले गवत बेसुमार वाढले. बदकांना पोहायला मोकळे पाणी उरले नाही. हे कोणी शोधून काढले? सलीम अलींच्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी! त्यांनी दहा वर्षे मोजमाप केले आणि आपल्याच थोर गुरूचे मत चुकले होते, हे लिहून ठेवले. २० जून १९८७ रोजी सलीम अलींचे निधन झाले होते. पण नीट पाहा, मोजा आणि मगच बोला, ही त्यांचीच शिकवण होती.

आता आपल्या माळाकडे परत येऊ. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. त्यात करमाळा तालुक्याचाही भाग होता. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० मध्ये खास काळविटांसाठी अभयारण्य झाले. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरांचे आहे. एवढ्या लहान जागेत हरणांची सोय कशी करावी? काळविटाला गवत हवे, उन्हाळ्यात पाणी हवे आणि पळायला मोकळे मैदान हवे. शेळ्या-मेंढ्यांनी गवत मुळापर्यंत खाल्ले, तर काळवीट उपाशी राहते. चांगल्या हेतूने माळावर दाट झाडे लावली, तर त्याला दूरचा लांडगा दिसत नाही आणि धावायला जागाही उरत नाही. झाडे लावणे चांगले, पण प्रत्येक ठिकाणी नाही.

मित्रांनो, आज आपल्या जिल्ह्यात माळढोक क्वचितच दिसतो. काळवीट मात्र अजून आहे. तुमच्या गावाजवळ माळ असेल, तर त्याला पडीक जमीन म्हणू नका. एक वही घ्या. पावसाळ्यात गवत किती वाढते, कोणती जनावरे चरतात आणि हरणे कोठे पाणी पितात, ते लिहून ठेवा. सलीम अलींनीही एका लहानशा चिमणीपासूनच सुरुवात केली होती.