डॉ. वि. मा. घाटगे : शिकाऊ वैमानिकांच्या विमानाचे शिल्पकार

स्वातंत्र्यानंतरही भारतीय वैमानिक उड्डाणाचे पहिले धडे गिरवत, ते ब्रिटिश बनावटीच्या टायगर मॉथ या उघड्या बैठकीच्या, कापडी आवरणाच्या दुपंखी विमानात. त्याला स्वदेशी पर्याय दिला विष्णू माधव घाटगे यांनी. जन्म १९०८ चा, कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपूचा. जर्मनीतील गटिंगन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिकीत डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि १९४० मध्ये बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये रुजू झाले. युद्धकाळात त्यांनी दहा आसनी ग्लायडर घडविले. पण इंजिनाचे विमान ही वेगळीच कसोटी होती.

ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन मुन्शी यांनी एचटी-२ आकाशात नेले. संपूर्ण धातूचे, एकपंखी, गुरू-शिष्य एकामागे एक बसतील असे हे विमान. अशा विमानाची आखणी सोपी नसते. नवख्याच्या चुका त्याने सोसाव्यात, पण झाकू नयेत. दीडशेहून अधिक एचटी-२ बांधली गेली.

पुढे मारुत या लढाऊ विमानाचे संकल्पन जर्मन तज्ज्ञ कुर्ट टँक यांच्याकडे सोपविले गेले. गाजावाजा लढाऊ विमानांचाच होतो. घाटगे यांनी मात्र किरण हे जेट प्रशिक्षण विमान साकारले. १९६४ मध्ये ते उडाले. १९९१ मध्ये घाटगे निवर्तले, तेव्हाही हवाई दलाचे प्रशिक्षणार्थी किरणवरच जेट उड्डाण शिकत होते.